छपाईयंत्र कोणाच्या हाती?

चित्रपटाविषयी बोलावयाचे म्हटले की नटनट्यांपासून आरंभ करण्याची रीत आहे. आज ती रीत मोडून आम्ही एका यंत्रापासून आरंभ करणार आहोत. हे यंत्र पडद्यावर कधी दिसत नाही आणि ते चालवणाऱ्याची आठवणही कोणी ठेवत नाही. ते म्हणजे चित्रपटाची प्रत छापणारे यंत्र होय.

फिल्मच्या काळी चित्रपट कसा तयार होत असे, ते प्रथम ध्यानात घेऊ. कॅमेऱ्यात सोळा मिलिमीटर रुंदीची कोरी फीत भरावयाची. तिच्यावर सेकंदाला २४ चौकटी उमटत, आणि शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपे. मग ते रीळ उजेड लागू न देता लॅबोरेटरीत न्यावयाचे. तेथे ते रसायनांत धुतले की निगेटिव्ह तयार होई. पुढे ही निगेटिव्ह आणि दुसरी कोरी फीत एकमेकींवर दाबून दिव्यासमोरून चौकटीचौकटीने सरकवली, म्हणजे प्रत छापली जाई. कॅमेरा हौशी माणूसही विकत घेऊ शके, नाहीतर उसना आणू शके. धुलाईचे आणि छपाईचे यंत्र मात्र मोठ्या लॅबोरेटरीचे. दर तिचे, वेळ तिची, नियम तिचे. ज्याचा चित्रपट त्याने खिडकीवर रीळ द्यावयाचे आणि खिडकीवरूनच परत घ्यावयाचे. सूत आपले आणि माग सावकाराचा, अशी ही अवस्था होती.

आम्ही संघटनेचे काम करणारी माणसे. कोणताही कारखाना पाहिला की 'यंत्र कोणाचे?' हा प्रश्न आमच्या मनात आधी उभा राहतो. म्हणूनच लंडनच्या काही तरुण चित्रपटकारांनी हे छपाईयंत्र स्वतःच्या सामाईक मालकीत आणले, ती हकीकत वाचनात आली तेव्हा आम्ही तिचा पिच्छा सोडला नाही. तीच आज सांगावयाची आहे.

या हकीकतीचा आरंभ लंडनमध्ये नव्हे, न्यूयॉर्कमध्ये होतो. योनास मेकास या नावाचा एक लिथुआनियन निर्वासित १९४९ मध्ये तेथे उतरला. युद्धकाळात नाझींच्या श्रमछावणीत त्याने दिवस काढले होते. न्यूयॉर्कमध्येही पोटासाठी कारखान्यांतून मिळेल ते काम त्याने केले, आणि उसने पैसे घेऊन एक कॅमेरा विकत घेतला. त्या काळी त्या शहरात 'सिनेमा सिक्स्टीन' नावाची फिल्म सोसायटी होती. व्हिएन्नाहून आलेल्या एमॉस व्होगेल यांनी ती १९४७ मध्ये काढली होती, आणि धंदेवाईक चित्रगृहांत न दिसणारे शेकडो चित्रपट तिने लोकांना दाखवले. सोसायटीची ही सेवा मोठी होती. परंतु कोणता चित्रपट दाखवावयाचा आणि कोणता वितरणास घ्यावयाचा, हा निवाडा शेवटी एकट्या व्होगेल यांचा असे. स्टॅन ब्रॅकेज यांचा १९५८ सालचा एक चित्रपट सोसायटीने नाकारला, तेव्हा तरुण मंडळींना या व्यवस्थेतील उणीव जाणवली. चांगल्या मनाचा निवड करणारा असला, तरी निवड करणारा तो असतोच.

तेव्हा १९६२ मध्ये मेकास आणि त्यांचे सोबती यांनी 'फिल्म-मेकर्स कोऑपरेटिव्ह' ही वितरणसंस्था स्थापन केली. तिचे नियम थोडके होते. जो चित्रपट आणून देईल, त्याचा चित्रपट सूचीत घ्यावयाचा. निवड समिती नाही. चित्रपटाची मालकी करणाऱ्याचीच राहील, भाडे तोच ठरवील आणि भाड्याचा मोठा हिस्सा त्याच्याच पदरी पडेल. आपल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे शेतकरी ऊस घालतो आणि कारखान्याचा सभासद म्हणून सभेत मतही देतो. चित्रपटाच्या धंद्यात मात्र ही गोष्ट नवी होती. ती संस्था आजही चालू आहे, हे येथेच सांगून ठेवतो.

तिचे अनुकरण म्हणून लंडनची संस्था निघाली. चेअरिंग क्रॉस रोडवर 'बेटर बुक्स' नावाचे पुस्तकांचे दुकान होते. तेथे काम करणारे कवी बॉब कॉबिंग संध्याकाळी चित्रपट दाखवीत, कवितावाचने भरवीत. या दुकानात १३ ऑक्टोबर १९६६ रोजी 'लंडन फिल्म-मेकर्स कोऑप'ची स्थापना झाली. स्थापनेची वार्ता मेकास यांना तारेने कळवण्यात आली. सतत चित्रण करीत राहणे आणि कधीही न थांबणे हा आमचा उद्देश, असा त्या तारेचा आशय होता. तरुणपणी आपणही अशा तारा पाठवल्या असत्या! परंतु त्या घटकेला संस्थेजवळ उत्साह होता आणि यंत्र एकही नव्हते. स्थापना करणाऱ्यांत चित्रपट करणारे थोडे आणि चित्रपटावर प्रेम करणारे अधिक होते.

यंत्राचा प्रश्न ज्याने हाती घेतला, त्याचे नाव माल्कम ले ग्रीस. हा मूळचा चित्रकार, कलाशाळेत शिकवणारा. चित्रकार स्वतःचा रंग स्वतः कालवतो आणि स्वतःच्या हाताने लावतो. मग चित्रपटकाराने आपली फीत परक्याच्या खिडकीवर का द्यावी, असा त्याचा रोखठोक प्रश्न होता. त्याने जुन्या प्रक्षेपकाचे भाग जुळवून घरीच एक छपाईयंत्र तयार केले. 'लिटल डॉग फॉर रॉजर' हा त्याचा १९६७ सालचा चित्रपट अशाच यंत्रावरचा आहे. घरातील जुन्या, साडेनऊ मिलिमीटरच्या फितीचे तुकडे त्याने हाताने यंत्रातून ओढले. फीत घसरते, चौकट सरकते, कडेची भोके दिसतात, ओरखडे दिसतात, आणि या सगळ्यांतून एक लहानसा कुत्रा धावताना दिसतो. लॅबोरेटरीने असली प्रत सदोष म्हणून फेकून दिली असती.

१९६७ मध्ये पुस्तकांच्या दुकानाचा आश्रय सुटला. त्याच वर्षी जिम हेन्स यांनी ड्रुरी लेनमध्ये 'आर्ट्स लॅब' उघडली. तेथील चित्रपटगृहाची बाजू डेव्हिड कर्टिस सांभाळीत. कर्टिस आणि ले ग्रीस यांच्या विचाराने एक गोष्ट ठरली, आणि आमच्या मते या हकीकतीचा कणा तोच आहे. न्यूयॉर्कच्या संस्थेचे काम वितरणापुरते होते. लंडनने ठरवले की फीत धुणे, छापणे, जोडणे, दाखवणे आणि वितरणास पाठवणे ही सर्व कामे एकाच छपराखाली आणि सभासदांच्या हाताने व्हावीत. ड्रुरी लेनची जागा १९६९ मध्ये बंद पडली. मग रॉबर्ट स्ट्रीटवर नवी जागा झाली, आणि व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन दात्याच्या मदतीने संस्थेला व्यावसायिक बनावटीचे छपाईयंत्र आणि धुलाईयंत्र घेता आले. छपाईयंत्र देब्री कंपनीचे, धुलाईयंत्र ह्यूस्टन-फिअरलेस कंपनीचे. सभासदाने ती चालवावयास शिकावे आणि आपले काम आपणच करून घ्यावे, अशी पद्धत पडली.

यंत्र हाती आल्यावर काय घडले? खर्च कमी झाला, ही पहिली गोष्ट. परंतु तेवढीच असती, तर ही हकीकत सांगावयास आम्ही उभे राहिलो नसतो. कामाचे स्वरूपच पालटले. छापता छापता दिव्यापुढे रंगीत काच धरावी, तीच फीत उलट फिरवावी, दोन फिती एकावर एक ठेवून छापाव्या, असे प्रयोग सुरू झाले. ले ग्रीस यांचा १९७० चा 'बर्लिन हॉर्स' आम्ही पाहिला आहे. एक घोडा दोरीला बांधलेला गोल फिरतो आहे. तेच चित्रण पुन्हा पुन्हा छापलेले, प्रत्येक वेळी रंग निराळा. पुढे जळत्या गोठ्यातून घोडे बाहेर काढल्याचे जुन्या काळचे चित्रण येते. गोष्ट अशी काही नाही. पहिल्या दोन मिनिटांत आमच्या मनात आले की हे काय चालले आहे! मग लक्षात आले की आपण घोडा पाहत नसून छपाई पाहत आहोत. एरवी लपलेले श्रम येथे पडद्यावर आले आहेत. कारागिराच्या हाताची खूण कापडावर दिसावी, तसे.

१९७१ मध्ये संस्था कॅमडन भागातील एका जुन्या डेअरीत गेली. इमारत मोडकळीला आलेली, हिवाळ्यात गारठा, आणि प्रेक्षक जमिनीवर जुन्या गाद्या टाकून बसत. याच डेअरीत १९७३ मध्ये ॲनाबेल निकल्सन या कलावतीने 'रील टाइम' हा प्रयोग केला. तिच्या स्वतःच्या शिवणकामाचे चित्रण असलेली फीत प्रक्षेपकातून निघून तिच्यासमोरच्या शिवणयंत्रात जाई आणि तेथून परत प्रक्षेपकात येई. ती बसून यंत्र चालवी. सुई फितीला भोके पाडी, आणि प्रत्येक फेरीला पडद्यावरील प्रतिमेत उजेडाचे अधिक ठिपके दिसत. प्रेक्षकांपैकी कोणी शिवणयंत्राच्या सूचना वाची, कोणी प्रक्षेपकाच्या. शेवटी फीत तुटे आणि प्रयोग संपे. शिवणयंत्र आणि प्रक्षेपक ही दोन्ही यंत्रे फीत किंवा कापड थांबत थांबत पुढे सरकवतात, ही गोष्ट यंत्रावर बसलेल्या माणसालाच सुचावयाची.

लिस ऱ्होड्स यांनी १९७५ मध्ये 'लाइट म्यूझिक' केला. त्यात आडव्या रेषांची चित्रे ध्वनीच्या पट्टीवरही छापलेली आहेत. त्यामुळे जी रेषा दिसते तीच ऐकू येते. दोन पडदे समोरासमोर, आणि मध्ये उभा प्रेक्षक. संगीतकारांत स्त्रियांना स्थान नाही, हे मनात ठेवून त्यांनी ही रचना केली होती. येथे संस्थेच्या इतिहासातील एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. १९७९ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत प्रायोगिक चित्रपटाचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात स्त्रियांचे कार्य योग्य रीतीने मांडले जात नाही, म्हणून ऱ्होड्स, निकल्सन आणि इतर काही जणींनी आपला भाग काढून घेतला. त्यानंतर 'सर्कल्स' ही स्त्रियांची स्वतंत्र वितरणसंस्था निघाली. सहकारी संस्थेत सर्वांना दार उघडे असले, तरी आत गेल्यावर कोणाचा शब्द चालतो, हा प्रश्न उरतोच. युनियनच्या सभांतूनही आम्ही हे पाहिले आहे.

युनियनचे नाव निघाले, तेव्हा आपल्या पक्षाची बाजूही मांडतो. ब्रिटनमधील चित्रपट तंत्रज्ञांची युनियन बळकट होती. कोणत्या कामाला किती माणसे आणि कोणती, याचे तिचे नियम होते, आणि ते नियम लढून मिळवलेले होते. आता एकच माणूस चित्रण करतो, धुतो, छापतो आणि दाखवतो, हे या नियमांत कोठे बसावे? फुकट राबणारा हौशी मनुष्य हा पगारी कामगाराच्या पोटावर पाय देतो, ही भीती खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूने, स्वतःच्या कामाचा मालक असणाऱ्याला मालक म्हणावे की कामगार, याचे उत्तर युनियनच्या जुन्या घटनेत नव्हते. १९७४ मध्ये स्वतंत्र चित्रपटकारांनी आपली संघटना बांधली आणि वाटाघाटी सुरू झाल्या. त्यातून १९८२ चे 'वर्कशॉप डिक्लरेशन' आले. एका बाजूला युनियन, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, प्रादेशिक कलामंडळे आणि त्याच वर्षी सुरू झालेली चॅनल फोर ही दूरचित्रवाणी, असा हा करार होता. मान्यताप्राप्त गटातील पूर्णवेळ सभासदांना नियमित आणि समान वेतन, नफ्यासाठी काम नाही, आणि केलेल्या चित्रपटावर गटाचा हक्क कायम, ही त्याची मुख्य सूत्रे. न्यूकॅसलमध्ये कामगारांचे जीवन चित्रित करणारा 'अँबर' हा गट आणि 'हँड्सवर्थ साँग्स' हा १९८६ चा चित्रपट करणारा 'ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह' यांना या कराराचा आधार मिळाला. दहा वर्षांच्या आत तो आधार सुटला, हे खरे. तरीही युनियनने आपला नियम मोडू न देता वाढवला, याचे आम्हाला समाधान वाटते.

आता कोऑपचा उत्तरार्ध पाहू. १९७५ च्या सुमारास ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे मोठे अनुदान मिळू लागले. काही पगार देता येऊ लागले, सामग्री सुधारली. काही काळाने संस्था ग्लॉस्टर अॅव्हेन्यूवरील एका जुन्या धोबीखान्यात गेली आणि तेथे सुमारे वीस वर्षे टिकली. अनुदान घेणे चूक होते, असे आम्ही म्हणणार नाही. उपाशी पोटी तत्त्वनिष्ठा शिकवणे सोपे असते. परंतु यंत्र सभासदांचे असले, तरी यंत्र ज्या छपराखाली होते ते छप्पर सभासदांचे नव्हते. डेअरी गेली, धोबीखानाही गेला. प्रत्येक जागा मुदतीची.

१९९७ मध्ये हॉक्सटन स्क्वेअर येथे 'लक्स सेंटर' उभे राहिले. नवी इमारत, नवे चित्रपटगृह, सार्वजनिक पैशाचे पाठबळ. शेजारी व्हिडिओ कलावंतांची संस्था. दोन वर्षांनी दोन्ही संस्था एक झाल्या, आणि कोऑप हे नाव संपले. नाव संपल्याचे दुःख करू नये. पण सभासदांनी चालवलेली संस्था व्यवस्थापकांनी चालवलेले केंद्र झाली, हा फरक नावापेक्षा मोठा होता. तोवर त्या भागातील जागांचे भाव चढले होते. भाडे आणि खर्च यांचा बोजा पेलेना, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये लक्स सेंटरला कुलूप लागले. पस्तीस वर्षांपूर्वी दुकानाच्या कोपऱ्यात निघालेली आणि मोडक्या डेअरीत तगलेली संस्था सजलेल्या इमारतीत पाच वर्षे काढू शकली नाही.

मागे काय उरले? चित्रपटांच्या प्रती उरल्या. त्यांच्या वितरणासाठी २००२ मध्ये 'लक्स' ही नवी संस्था झाली, आणि तो संग्रह आज तिच्याकडे आहे. यंत्रेही भंगारात गेली नाहीत. २००४ मध्ये कॅरन मिर्झा आणि ब्रॅड बटलर या दोन कलावंतांनी 'नोव्हेअर' नावाची कार्यशाळा काढली आणि जुन्या कोऑपची धुलाईची व छपाईची सामग्री पुन्हा चालू केली. माणसे पांगली, नाव गेले, जागा गेली. तरी ज्यांना यंत्र चालवावयाचे होते, त्यांनी ते शोधून काढले.

हे सर्व परदेशचे झाले. याच काळात आपल्याकडेही एक लहान धागा आहे. १९८० मध्ये बंगळूरला आभा भैया, दीपा धनराज, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी 'युगांतर' हा चित्रपटगट स्थापन केला. त्यांचे पहिले दोन चित्रपट मराठी आहेत. १९८१ चा 'मोलकरीण' पुण्यात संघटित झालेल्या घरकामगार स्त्रियांचा. १९८२ चा 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांचा आणि त्यांच्या युनियनचा. कॅमेरा अचानक येऊन चित्र घेऊन निघून गेला, असे येथे झाले नाही. गटाने या स्त्रियांसमवेत दीर्घकाळ राहून, त्यांच्याशी बोलून काय दाखवावयाचे ते ठरवले. पुढे ही चित्रे संघटनांच्या बैठकांतून दाखवली गेली. लंडनच्या चित्रपटांशी त्यांचे रूप जुळत नाही. तेथे छपाईचा प्रयोग, येथे पोटाचा प्रश्न. तरी दोन्हीकडे मूळ विचार एकच, की चित्रपटात ज्याचे श्रम आहेत त्याचा त्यात शब्द असावा. युगांतरने चार चित्रपट केले आणि गट थांबला. त्यांच्या स्वतःच्या हाती धुलाईयंत्र किंवा कायमची जागा नव्हती. चित्रपट जतन झाले, त्यात बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेचा वाटा आहे. निपाणीच्या बायांचा लढा पाहावयाचा, तर आपण बर्लिनचे आभार मानावयाचे! त्यांचे आभार मनापासून मानलेच पाहिजेत. पण खंतही वाटली पाहिजे.

ही खंत आमच्या अंगावरून गेलेली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या एका दीर्घ संपाचे चित्रण एका होतकरू तरुणाने केले. सभा, मोर्चा, दारावरचे धरणे, रात्री रस्त्यावर शिजवलेली खिचडी, सर्व काही टेपवर आले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि कामाला लागलो. टेप कोणाकडे राहाव्यात, प्रती किती काढाव्यात, याचा ठराव करण्याचे आम्हाला सुचले नाही. इतर शंभर ठराव मात्र केले. त्या तरुणाने गाव सोडले. टेप ज्या खोलीत होत्या, ती खोली पावसात गळली. त्या संपातील कित्येक माणसे आज हयात नाहीत, आणि त्यांचा चालताबोलता चेहरा त्यांच्या नातवंडांना दाखवावा असे आमच्याजवळ काही नाही. दोष त्या तरुणाचा नव्हे. तो आमचा.

कोणी म्हणेल की आता फिल्म गेली आणि लॅबोरेटरीही गेली. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मग ही हकीकत कशाला? श्रोतेहो, कॅमेरा त्या काळीही मिळत असे. अडत होते ते त्याच्या पुढे. आज चित्रण फोनवर होते, ते साठते दुसऱ्याच्या कोठारात, आणि कोणाला दिसावे हे ठरते तिसऱ्याच्या कचेरीत. खिडकी बदलली, रीळ अजून खिडकीवरच द्यावे लागते.

म्हणून लंडनच्या त्या संस्थेकडून आम्ही तीन प्रश्न घेतले आहेत, आणि आपल्या गावातील प्रत्येक मंडळाने, वाचनालयाने, युनियनने ते आपल्या सर्वसाधारण सभेत विचारावेत अशी विनंती आहे. साधन कोणाच्या नावावर आहे? जागा किती मुदतीची आहे? आणि केलेल्या कामाची प्रत कोणाच्या कपाटात आहे? कोऑपने पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्तम दिले, तिसऱ्याचे बऱ्यापैकी दिले, आणि दुसऱ्यात ती फसली. आम्ही तर तिन्ही प्रश्न विचारलेच नव्हते. येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ते घातले आहेत. जुन्या संपकऱ्यांपैकी जे हयात आहेत, त्यांच्या मुलाखती चित्रित करण्याचा ठराव आहे, आणि त्याच ठरावात प्रती तीन काढाव्यात व त्यांतील एक सार्वजनिक वाचनालयात ठेवावी, असेही कलम आहे. ठराव मंजूर होईल, अशी आशा आहे.